दगडांची साक्ष

(वाचन: प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १७, वचनें १६ ते ३४)



गेल्या हिंवाळ्यांत आम्ही मंडळींतील कांहीं तरुणांस बरोबर घेऊन अंबरनाथ येथें गेलों होतों. स्टेशनाच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या कांठीं, शिवाचें प्राचीन देऊळ आहे. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ असून शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव आहे. सर्व काम आपल्या मुलखांतील काळ्या दगडाचें. बाहेरील भिंतींवर मूर्ति व वेलबुट्टी इतकी दाट कोरिली आहे कीं दृष्टि कोठें ठरवावी हें कळत नाहीं. मंडपांतून गाभाऱ्याकडे जातांना पायऱ्या चढाव्या लागत नाहींत, उतराव्या लागतात.

आमच्यांतील एक तरुण म्हणाला, "हें आपलें नव्हे; मग येथें येण्याचें काय कारण?" असें म्हणून त्यानें खडा उचलिला व भिंतीवर आपलें नांव ओढूं लागला. आम्हीं त्याचा हात धरिला. त्यास तेथें जें सांगितलें, तेंच आज आपणांसही सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, जें शेजाऱ्यास पवित्र वाटतें त्याची अवहेलना करणें ही धर्मनिष्ठा नव्हे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. त्या यात्रेंत आपलेच गांवकरी असतात. पौल अथेनै शहरांत हिंडला, तेव्हां मूर्ति पाहून त्याचा जीव तळमळला. तरी त्यानें एकाही वेदीस धक्का लाविला नाहीं. त्यानें तेथील पूजास्थानें लक्षपूर्वक पाहिलीं, आणि जें पाहिलें त्यावरूनच लोकांशीं आदरानें बोलण्यास आरंभ केला. ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें काय बोलावें?

दुसरी गोष्ट, राजाचें नांव सर्व घेतात. परंतु खाणींतून दगड कोणीं काढिला, डोकीवर कोणीं वाहिला, छिन्नी कोणाच्या हातीं होती? ते गरीब श्रमकरी होते, आपल्यासारखेच. कोणीं सांगावें, त्यांत आपलेही पूर्वज नसतील? त्यांच्या घामावर आपण रेघोट्या ओढाव्या काय? सन १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्मारकास इजा करणें हा गुन्हा आहे. पण ज्याचें मन जागें आहे त्यास शिपायाची गरज पडत नाहीं.

तिसरी गोष्ट आम्हांस नदीनें शिकविली. त्या लोकांनीं कांठावर जें ठेविलें तें साडेनऊशें वर्षांहून अधिक टिकलें. आमच्या पिढीनें त्याच नदींत कारखान्यांचें रसायन व घरांची घाण सोडिली. पुढील पिढ्या आमच्याविषयीं काय साक्ष देतील? आपल्या गांवचा ओढा, आपली विहीर, आपल्या उपासनामंदिराचें अंगण, ह्यांपासून प्रत्येकानें आपली झडती घ्यावी.

त्या तरुणानें खडा खालीं टाकिला, आणि जी रेघ उमटली होती ती आपल्या धोतराच्या सोग्यानें पुसूं लागला. ती पुरती गेली नाहीं. परततांना तो फारसा बोलला नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मुलांस अशा स्थळीं अवश्य न्या. त्यांस पाहूं द्या, विचारूं द्या. मात्र पायऱ्या उतरतांना मनही थोडें खालीं उतरवावें, हें त्यांस आधीं सांगा.