स्वप्नातले छप्पर



मागील आठवड्यात एक माता आम्हांला भेटली (तिच्या संमतीनेच लिहीत आहोत). स्वप्नात तिने घराचे छप्पर कोसळताना पाहिले होते. ‘फादर, आमच्यातले कोणी जाणार का?’ शेजारणीने स्वप्नफळाचे पुस्तक उघडून तसे सांगितले होते. शकुनांतून भविष्य पाहणे ख्रिस्तसभेला मान्य नाही, म्हणून ते पुस्तक मिटा, असे आम्ही म्हणालो. पण तिची भीती खोटी नव्हती. निघता निघता ती बोलली, धन्याची नोकरी गेली आहे. छप्पर म्हणजे आसरा; तो हलला की काळजी झोपेतही डोळ्यांपुढे येते.

संत पेत्राला दृष्टान्त झाला तो छपरावरच. यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी तो दुपारी धाब्यावर प्रार्थनेला गेला. भूकही लागली होती, हे लूक आवर्जून नोंदवतो! आकाशातून मोठी चादर उतरली, तीत निषिद्ध मानलेले प्राणी. ‘खा’ अशी वाणी तीनदा झाली. पेत्राला अर्थ कळेना. तेवढ्यात कर्नेल्याची माणसे दारात उभी राहिली. तो खाली उतरला, त्यांच्याबरोबर गेला आणि परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल टाकल्यावर त्याला दृष्टान्त उलगडला.

बुधवारी आम्हीही त्या मातेच्या घरी गेलो. कौले शाबूत आहेत. धन्याला वेल्डिंगचे काम येते. कोणाला जागा ठाऊक असल्यास मिस्सानंतर आम्हांला भेटावे.