जुन्या खेळांचे संगीत कशात जपावे?

कोजी कोंदो यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे संगीत १९८५ साली रचले, पण त्या खेळाच्या कॅसेटमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण कधीच नव्हते. होता तो एक लहानसा प्रोग्राम. निन्टेंडोच्या यंत्रातल्या ध्वनिचिपला पाच वाहिन्या. त्यांतल्या कोणत्या वाहिनीने कोणत्या क्षणी कोणता स्वर धरायचा, एवढे तो सांगे. आवाज घडे तो खेळ चालू असताना, दर वेळी नव्याने. म्हणूनच असे संगीत मुद्रित करून एमपी३मध्ये ठेवणे मला फार अपुरे वाटते. खेळात न थांबता फिरणारी धून तिथे कुठेतरी विरवावी लागते. वाहिन्या एकमेकींत मिसळतात. रचनाकाराने प्रत्येकीला काय काम दिले होते, ते पुन्हा नेमके उकलता येत नाही.

एनएसएफ फाइलचा मार्ग वेगळा आहे. ती खेळातला संगीताचा मूळ प्रोग्रामच उचलते, त्याला १२८ बाइटचा शीर्षभाग जोडते आणि वाजवणारे सॉफ्टवेअर त्या जुन्या प्रोसेसरची भूमिका घेते. सुपर निन्टेंडोत ध्वनीसाठी सोनीने बनवलेला स्वतंत्र प्रोसेसर आणि त्याची ६४ किलोबाइट स्मृती होती; एसपीसी फाइल म्हणजे त्या स्मृतीची एका क्षणाची जशीच्या तशी प्रत, वाद्यांच्या नमुन्यांसकट. व्हीजीएम मात्र चिपला गेलेल्या आज्ञांची वेळेनुसार नोंद ठेवते. सेगाच्या यंत्रांसाठी ती फार उपयोगी पडली, पण आज्ञा देणारा प्रोग्राम तिच्यात उरत नाही. जिथे शक्य आहे तिथे प्रोग्रामच जपावा, असे माझे ठाम मत आहे.

तरीही तेवढ्याने भागत नाही. बंदिशीचे स्वरलेखन गळ्यावाचून मुके असते, तशी ही फाइल चिपवाचून मुकी. कमोडोर ६४ या संगणकातल्या ६५८१ या सिड ध्वनिचिपचा फिल्टर प्रत्येक नगागणिक थोडा वेगळा वाजे आणि संगीतकार समोरच्या यंत्रावर कान ठेवून रचना करत. तिच्या आवाज-नियंत्रणातल्या एका दोषाचा फायदा घेऊन त्यांनी ढोल आणि माणसाचा आवाजही वाजवला. पुढच्या ८५८० चिपमध्ये तो दोष दूर झाला आणि तेच ढोल क्षीण ऐकू येऊ लागले! या चिपचे संगीत जपणाऱ्या सिड फाइलच्या पुढच्या आवृत्तीत रचना कोणत्या चिपसाठी आहे हे नोंदवण्याची सोय आली, ती फार मोलाची. प्रत्यक्ष यंत्रावरून केलेले, दर्जा न घटवता साठवलेले ध्वनिमुद्रण इथे साक्षीदार म्हणून हवेच. अनुकरण बरोबर उतरले की नाही, हे नाहीतर कशाशी ताडून पाहणार?

हा प्रश्न आपल्याही जवळचा आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळली गेलेली कितीतरी यंत्रे निन्टेंडोच्या नकला होती. अशा नकलांतल्या अनेक चिपांमध्ये चौकोनी तरंगाच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे: मूळ यंत्रात जिथे गोलसर, पोकळ नाद, तिथे नकलेत किनरा, आणि उलट. अशा यंत्रावर वाढलेल्या मुलांच्या कानातला नाद जपानी मुलांच्या कानातल्या नादाहून वेगळा आहे. तो चुकीचा म्हणून पुसून टाकावा, असे मला वाटत नाही. एनएसएफच्या शीर्षभागात टीव्ही प्रणालीची नोंद आहे, कॅसेटमधल्या जादा ध्वनिचिपची आहे. नकली चिपची नाही. जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या काही सॉफ्टवेअरांत, म्हणजे एम्युलेटरांत, ही अदलाबदल करून ऐकता येते, पण ती सोय कशासाठी आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच. ती नोंद फाइलसोबत असायला हवी, आणि माळ्यावरची नकली यंत्रे चालू होतात तोवर त्यांची मुद्रणेही करून ठेवायला हवीत.