सुरी कोणाच्या हाती?

गेल्या ईदुल-अज्हाच्या काही दिवस आधी, जुम्याच्या नमाजनंतर, माळशिरस येथे मजुरी करणाऱ्या एका बांधवाने मला हळूच विचारले, "मौलाना, वर्षभर पैसा पैसा साठवून बोकड घेतला. आता कसायाची मजुरी जड जाते. मोबाईलवर पाहून मीच जबह केले, मीच सोलले, तर कुर्बानी होईल ना?"

होईल, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. फिकहचे उत्तर तेवढेच आहे. किंबहुना ज्याला साधते त्याने आपल्या हाताने जबह करणे हेच उत्तम. हिजरी 10 मधील अखेरच्या हजच्या वेळी आदरणीय प्रेषितांनी (स.) शंभर उंटांपैकी 63 स्वतःच्या हाताने कुर्बान केले व उरलेले हजरत अलींकडे (रजि.) सोपवले. हे काम पुरुषांचेच, असेही नाही. मदीनेजवळ सल्अ टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या एका दासीने मरू घातलेली शेळी धारदार दगडाने जबह केली, आणि प्रेषितांनी (स.) ते मांस खाण्यास संमती दिली, असे सहीह बुखारीत आले आहे.

मग मी थबकलो कशाला? त्या बांधवाच्या हिशेबात एक बाजू राहून गेली होती. कसायाची मजुरी वाचते हे खरे. पण नवख्या हाताच्या शिकण्याची किंमत कोण भरतो? सुरी बोथट निघाली, हात कापला, पहिला फटका उथळ बसला, तर ती किंमत मुका जीव भरतो. प्रत्येक गोष्ट उत्तम रीतीने करणे अल्लाहने अनिवार्य केले आहे, आणि त्या आदेशाचे उदाहरण देताना प्रेषितांनी (स.) जबहचेच नाव घेतले: सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या. जनावरासमोर सुरी परजणाऱ्याला त्यांनी टोकले, याला दोनदा मारणार आहेस काय? जिथे नुसत्या धार लावण्याच्या दृश्याची एवढी काळजी आहे, तिथे आपल्या काटकसरीला किती मोकळीक असावी?

मजुरीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या भागात मुलाणी आडनावाची घरे गावोगाव आहेत. गावगाड्यात गावचे बोकड-मेंढे हलाल करण्याचे काम मुलाण्याचे असे. जत्रेत हिंदू बांधवांच्या बोकडावरही तोच सुरी चालवी आणि मोबदल्यात मांसाचा वाटा घेई. त्या व्यवहारात गैर काही नव्हते. कुर्बानीत मात्र ती रीत चालत नाही. हजरत अलींना (रजि.) आज्ञा होती की मांस, कातडे गरिबांत वाटावे, पण कसायाला त्यातून मजुरी देऊ नये, ती वेगळी द्यावी. 'पैसे कमी घे, मुंडी आणि कातडे ठेव,' असा सौदा आजही होतो, आणि तो करणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. कुर्बानीचा जीव एकदा अल्लाहच्या नावे दिल्यावर त्यावर आपली उधारी कशी फेडावी?

म्हणून मी त्या बांधवाला म्हटले, शिकणे उलट्या टोकाने सुरू करा. जबहचे काम क्षणाचे आहे. श्वासनलिका, अन्ननलिका व दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका सपाट्यात कापल्या जाव्यात, मान वेगळी होऊ नये. तो क्षण जाणत्या हाताकडे द्या. वेळ आणि मजुरी खरी जाते ती पुढच्या कामाला, आणि तिथे तुमच्या चुकीने कोणाला वेदना होत नाही. जीव पूर्ण शांत होऊन अंग सैल पडेपर्यंत कातड्याला हात लावू नका. मग मागच्या पायांनी टांगा. पायांपाशी चीर देऊन पुढे सुरीपेक्षा मुठीनेच कातडे सोडवत आणा. पोट उघडताना पात्याचे टोक आत जाऊ देऊ नका. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी अलगद काढा. ती फुटली तर मांस कडू होते (माझी पहिल्या वेळी फुटली होती). वजडी वेगळ्या पाण्यात धुवा. रक्त व घाण खड्ड्यात पुरा. गटारात सोडून शेजाऱ्याला त्रास देणे हा इबादतीचा भाग नव्हे. नगरपंचायतीने जागा नेमून दिली असेल तर तिथेच जा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? दुकानातून पिशवीत मटण आणणाऱ्याला, एक जीव गेला आहे, याची आठवण राहत नाही. जो जवळ उभा राहतो, त्याला 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' या शब्दांचा अर्थ कळतो: हा जीव माझा नव्हता, ज्याचा होता त्याच्या परवानगीने मी तो घेत आहे. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तक्वा पोहोचतो, असे सूरह अल-हज्जमध्ये म्हटले आहे. बोथट सुरीने तक्वा कसा पोहोचेल, हे मला उमजत नाही.

त्या बांधवाने गेल्या ईदला जबह केले नाही. एका वृद्ध मुलाण्यांनी ते केले, मजुरीही घेतली नाही. सोलणे, तुकडे करणे त्यानेच केले. मांडीजवळ कातडे दोन जागी फाटले. वर्षभरात तो आणखी तीन-चार वेळा त्या वृद्धांबरोबर उभा राहिला. यंदा सुरी तो स्वतः धरणार आहे. परवा ती मला दाखवायला आणली होती. अंगठ्यावर पाते फिरवून पाहिले आणि आणखी एकदा धार लावायला परत दिली.