धक्क्याखालचे पाणी कोणाचे?

विद्या दिल्याने वाढते आणि धन दिल्याने घटते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट न बसणारी काही द्रव्ये जगात आहेत. मासा नेमका कोठे लागतो ही माहिती त्यांपैकी एक होय. दिसायला ती विद्या आहे, वागते मात्र धनासारखी. एकाने शेजाऱ्यास सांगितली तर दोघांचे भागते. एकाने लाखांस सांगितली तर कोणाचेच भागत नाही. गळाने मासे धरण्याच्या चित्रफिती आज घरोघरी मोबाइलवर पाहिल्या जातात, आणि त्यांच्या निमित्ताने हा जुना प्रश्न नव्या रूपाने आपल्यापुढे उभा राहिला आहे. आपल्याला मिळालेली सुंदर गोष्ट सर्वांस दाखवावी, हे औदार्य की तिचा नाश?

हा प्रश्न अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या किनाऱ्यावर फार स्पष्टपणे दिसतो, म्हणून तेथूनच आरंभ करू. त्या सखल प्रदेशात खाड्या आणि खोदलेले कालवे वस्तीत खोलवर शिरले आहेत. घराच्या परसदारी खारे पाणी आणि त्यात उतरलेला लाकडी धक्का, असे दृश्य तेथे ठायी ठायी दिसते. धक्क्याच्या खांबांवर कालवे आणि शिंपले चिकटतात. त्यांच्या आधाराने खेकडे, कोलंबी व बारीक मासळी वस्ती करते. आणि त्यांच्या मागोमाग मोठा मासा येतो. माणसासारखे दात असलेला शीप्सहेड खांबावरचे कवच फोडून खातो. आपल्या घोळीच्या कुळातील रेड ड्रम सावलीला थांबतो. आणि आपल्याकडील जिताड्याशी सवयींत पुष्कळ मिळताजुळता असलेला स्नूक, रात्री धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड जेथे संपतो त्या रेषेवर, प्रवाहाकडे तोंड करून दबा धरून बसतो. उजेडाकडे कोलंबी ओढली जाते आणि स्नूकला जागेवर जेवण मिळते.

अशा जागी गळ टाकणे हे कसबाचे काम आहे. चपटा दगड पाण्यावर उड्या मारीत जावा, तसे नकली आमिष फळ्यांखालच्या वीतभर फटीतून आत सरकवावे लागते. चार बोटे चुकली की गळ खांबात अडकतो. हे कसब छातीवर किंवा टोपीवर बसवलेल्या लहानशा कॅमेऱ्याने टिपले जाते आणि दुसऱ्या दिवशी जगभर पाहिले जाते.

या चित्रफितींना सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मासेमारीची विद्या आजवर बापाकडून मुलाकडे जात आली. ज्याचा बाप मच्छीमार नाही, किंवा ज्याला बापच नाही, त्याने ती कोठून शिकावी? कोणती गाठ मारावी, भरती-ओहोटीच्या कोणत्या प्रहरी जावे, मासा हातात कसा धरावा, हे आज एखादा अनोळखी मनुष्य त्याला विनामूल्य शिकवतो. हे दान लहान नव्हे. शिवाय ही प्रथाही नवी नाही. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यानेही आपले गुपित लोकांपुढे मांडलेच होते. आणि तो ग्रंथ आजही वाचला जातो. म्हणून वाटावे की वाटू नये, असा प्रश्न विचारून भागणार नाही. काय वाटावे, असे विचारले पाहिजे.

आमच्या मते चित्रफितीतून एकाच वेळी तीन गोष्टी वाटल्या जातात : कसब, ठिकाण आणि कीर्ती. या तिन्हींचा नैतिक हिशोब वेगवेगळा आहे.

कसबाबद्दल वाद नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लावल्याने पहिल्याचा उजेड कमी होत नाही.

ठिकाणाचे तसे नाही. चित्रफितीच्या पार्श्वभूमीला पुलाची कमान दिसते, एखाद्या घराचा रंग दिसतो, आणि जाणकारास तेवढे पुरते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या धक्क्यासमोर एकाऐवजी पाच होड्या येऊन उभ्या राहतात. शिसे घरमालकाच्या नावेवर आपटते, गळ त्याच्या दोरखंडात रुततो आणि भांडण होते. भांडणात दोन्ही बाजूंस काही ना काही हक्क असतोच. धक्का खाजगी मालकीचा असला, तरी फ्लॉरिडाच्या संविधानानुसार नौकावहनयोग्य पाण्याखालची जमीन सामान्यतः राज्याने सर्व जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची असते. फळ्या एकाच्या आणि पाणी सर्वांचे, असा हा प्रकार आहे. कायदा येथवर सांगतो. पण हक्क असूनही कोणी कसे वागावे, हे त्यात लिहिलेले नसते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सृष्टीतील वस्तू परमेश्वराने सर्वांसाठी निर्माण केल्या आहेत, अशी ख्रिस्तसभेची परंपरागत शिकवण आहे. मग जो आपली जागा लपवून ठेवतो, तो एका अर्थी साठेबाजच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण ‘सर्व’ या शब्दात कोण कोण येतात, हे पाहिले पाहिजे. ज्यांच्याकडे वेगवान होडी आणि मोकळा दिवस आहे त्यांच्याबरोबरच, बादली घेऊन पायी येणारा व संध्याकाळच्या कालवणापुरते मासे नेणारा मनुष्यही त्यात येतो. अजून जन्मास न आलेली मुलेही येतात. एखादी जागा नियमाविना जगजाहीर झाली की ती सर्वांची होत नाही. जो प्रथम पोहोचेल त्याची होते. उघडेपणा आणि न्याय या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग लपवणे हाच एक मार्ग उरतो काय? तसेही नाही. अमेरिकन अभ्यासिका एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या सामायिक संपत्तीविषयीच्या ग्रंथात तुर्कस्तानातील अलान्या या किनाऱ्यावरील गावाचे उदाहरण दिले आहे. तेथे सुमारे शंभर मच्छीमार किनाऱ्याजवळ मासेमारी करीत. चांगल्या जागांवरून तंटे होऊ लागले, तेव्हा त्यांनी सर्व जागांची नावांनिशी यादी केली. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घ्यायच्या, आणि मग जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचे, त्यानंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्यास येई आणि वाईटही. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. आपल्या वसईपासून डहाणूपर्यंतच्या कोळी बांधवांना मात्र या विचाराचे नवल वाटणार नाही. डोल जाळ्यांसाठी समुद्रात खुंट मारून धरलेली ‘कव’ कोणाची, यावरून गावागावांत वाद होतात हे खरे. पण वाद होतो याचाच अर्थ असा की, समुद्रावरही काही रीत असावी हे सर्वांस मान्य आहे.

अलान्यात काहीच गुप्त नव्हते, तरी काही नासले नाही. कारण माहितीबरोबर नियमही वाटला गेला होता आणि तो पाळणारी माणसे परस्परांस ओळखत होती. चित्रफितीत उणीव नेमकी हीच आहे. ती बातमी पोहोचवते, बंधन पोहोचवीत नाही. पाहणाऱ्या लाखो लोकांचे त्या पाण्याशी नाते नसते आणि एकमेकांशीही नसते. लूकच्या शुभवर्तमानात जाळी फाटू लागली तेव्हा संत पेत्राने व त्याच्या सोबत्यांनी दुसऱ्या तारवातील आपल्या भागीदारांना खूण करून बोलावले. त्यांनी मिळकत लपवली नाही; पण ज्यांना बोलावले ते त्यांच्याबरोबर रात्रभर जागणारे, जाळी धुणारे होते. वाटणीला सहजीवनाचा आधार होता. आम्हांस त्या प्रसंगातून एवढे घ्यावेसे वाटते.

तिसरी गोष्ट कीर्ती. तिचा परिणाम प्रथम माशावर होतो आणि नंतर माणसावर. स्नूक जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. आपला जिताडाही तसाच. म्हणजे चित्रफितीत मिरवण्याजोगा सर्वांत मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी असते. फ्लॉरिडात १९५७ पासून स्नूकच्या विक्रीस बंदी आहे. ठरावीक लांबीच्या दरम्यानचाच मासा घरी नेता येतो, आणि विणीच्या काळात तोही नाही. हा साठा अक्षय नाही, याचा अनुभव त्या राज्याने जानेवारी २०१० मध्ये घेतला. असामान्य थंडीने स्नूक मोठ्या संख्येने मेले आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूस तो घरी नेण्यास सप्टेंबर २०१३ पर्यंत मनाई राहिली.

परंतु धरून सोडून देण्यास विणीच्या काळातही आडकाठी नसते. सोडलेला स्नूक बहुतेक वेळा जगतो. एका पाहणीत शंभरांत सुमारे दोनच दगावल्याचे आढळले. हे श्रेय प्रामाणिकपणे दिले पाहिजे. तथापि तो जगतो, तो त्वरेने आणि ओल्या हातांनी सोडल्यास. कॅमेऱ्याला त्वरा चालत नाही. मासा उचलून धरायचा, वळवायचा, हसायचे, पुन्हा उचलायचा. टार्पन नावाच्या प्रचंड माशाबाबत तर, ४० इंचांहून लांब असल्यास तो पाण्याबाहेर काढूच नये, असा नियम राज्यास करावा लागला. मनुष्याचा मोह कोठवर जातो, हे अशा नियमांवरूनच कळते.

माशास वेदना कितपत होतात, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्याच प्रतिष्ठेस शोभत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात म्हटले आहे, आणि त्यातील ‘विनाकारण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पोटासाठी धरलेल्या माशाला कारण आहे. विरंगुळा हेदेखील कारण आहे, असे आम्ही मानतो. श्रमलेल्या माणसाला पाण्याकाठची शांत संध्याकाळ हवी असते. परंतु तो आनंद मासा हातात आला त्या क्षणी पूर्ण झालेला असतो. त्यानंतरचा दहावा मासा जर केवळ पाहणाऱ्यांसाठी धरला जात असेल, तर त्याचे कारण कोणते?

कीर्तीचा माणसावरचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. गळ टाकणाऱ्याचे बहुतेक तास रिकामे जातात. ती प्रतीक्षा, तो अपेक्षाभंग आणि तरीही पुन्हा जाणे, हेच या छंदाचे शिक्षण. चित्रफितीत हे तास कापले जातात आणि माशामागून मासा दिसतो. त्यात असत्य असे काही नसते, तरी सांगितलेली गोष्ट खरी नसते. ती पाहून धक्क्यावर गेलेला मुलगा अर्ध्या तासात कंटाळतो आणि दोष पाण्याला देतो.

वाचकहो, हा प्रश्न फ्लॉरिडापुरता नाही. आपल्या किनाऱ्यावरील जेटींवर, खाडीच्या पुलांवर गळाच्या काठ्या घेऊन तरुण उभे असतात आणि त्यांच्या खिशात मोबाइल असतोच. घरातल्या मुलाला हा नाद लागला तर त्याला रागावू नये. त्याने शिकलेली गाठ इतरांस जरूर शिकवावी. जागेचे नाव मात्र ज्यांच्याशी आपले रोजचे नाते आहे त्यांनाच सांगावे, आणि सांगताना तेथील रीतही सांगावी. लहान मासा व अंड्यांनी भरलेली मादी पाण्यातच सोडावी. ज्या दिवशी काही लागले नाही, तो दिवसही दाखवावा. आणि स्वतःला एकदा विचारून पाहावे : कॅमेरा घरी विसरला असता तर आज आपण गेलो असतो काय? उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल जावे.

धक्क्याखालचे पाणी घरमालकाचे नव्हे, तसेच ते प्रथम येणाऱ्याचेही नव्हे. ते सर्वांचे आहे, आणि ज्यांना उद्या तेथे गळ टाकायचा आहे, त्यांची गणना त्या सर्वांत आजच झाली पाहिजे.