बंडुरा आणि दारातला लाझर

एखादे वाद्य जतन केले म्हणजे नेमके काय जतन होते? युक्रेनच्या बंडुरा या तंतुवाद्याची कहाणी वाचल्यापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे.

बंडुरा वाजविणारे कोबझार अंध असत. वाटाड्या मुलाचा आधार घेऊन ते गावोगाव हिंडत, जत्रेत वा चर्चच्या दारात बसून गात आणि मिळेल त्या भिक्षेवर संसार चालवीत. त्यांचे संघ होते, आपसांतली गुप्त भाषा होती. गुरूपाशी राहून शिकल्यावाचून कोणास गाण्याची मुभा नसे. आणि डोळसांना संघात प्रवेशच नसे. हा नियम कठोर वाटेल, पण ज्याला नांगर धरता येत नाही त्याची भाकरी त्याच्यासाठीच राखून ठेवण्याची ही रीत होती. कॉसॅकांच्या पराक्रमाची 'दुमा' ही दीर्घ गीते ते गात, तशीच भक्तिगीतेही. श्रीमंत मनुष्य व लाझर यांचे गीत त्यांतलेच. दारातला भिकारीच दारातल्या भिकाऱ्याचे गीत गाई! या दृष्टांतात आपण कोण, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे. आम्हीही तो दृष्टांत अनेकदा सांगितला आहे, परंतु वेदीजवळून, आणि भरल्या पोटी.

पुढे विद्वानांचे लक्ष या गायकांकडे गेले. 1902 साली खारकिव्हच्या पुरातत्त्व परिषदेत ह्नात खोतकेविच यांनी त्यांना मंचावर आणले. 1908 मध्ये कवयित्री लेस्या उक्राइन्का यांनी पदरमोड करून फिलारेत कोलेस्सा यांच्याकरवी दुमा फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. हे सारे प्रेमापोटीच झाले. मग सोव्हिएत राजवटीचा वरवंटा फिरला. 1938 साली खोतकेविच यांना गोळी घालण्यात आली. कोबझारांना परिषदेच्या मिषाने बोलावून ठार मारले, अशीही कथा सांगतात. तिला कागदोपत्री पुरावा मिळालेला नाही, म्हणून इतिहास म्हणून ती आम्ही सांगणार नाही. दुःख खरे असले तरी त्याला असत्याचा टेकू देऊ नये.

अंधांची परंपरा मोडली; वाद्य मात्र वाढले. वीसएक तारांचा बंडुरा पन्नास-साठ तारांचा होऊन वाद्यवृंदात बसला. गाणारे डोळस, ऐकणारे तिकीट काढून आलेले. आम्ही त्यांना कमी लेखत नाही. परागंदा झालेल्या कित्येकांनी मातृभूमी म्हणून हेच वाद्य उराशी धरले.

हेओर्ही त्काचेन्को (1898–1993) या डोळस चित्रकाराने मात्र अंध कोबझार पेत्रो द्रेव्चेन्को यांच्याकडून जुने वादन घेतले आणि उतारवयात तरुणांच्या ओंजळीत टाकले. त्यातून कीव्हचा नवा कोबझार संघ उभा राहिला. 2024 साली युनेस्कोनेही या परंपरेच्या जतनकार्याची दखल घेतली.

त्काचेन्कोंचे ऋण मोठेच. तरीही एक शंका उरते. संघाचा जुना नियम पाळला असता, तर हे गीत कदाचित द्रेव्चेन्कोंबरोबरच संपले असते. तो मोडला म्हणून गीत वाचले. पण ज्या अंधाच्या भाकरीसाठी तो नियम होता, त्याच्या हाती आता काय राहिले?