शेजाऱ्याच्या सणाचा दिवस

(शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २८)



पौलाचें तारूं फुटलें आणि सर्व प्रवासी ज्या बेटावर लागले त्यास आज माल्टा म्हणतात. पाऊस पडत होता, थंडी होती. तेथील लोकांनीं विस्तव पेटवून सर्वांस जवळ घेतलें. ते पौलाच्या धर्माचे नव्हते. तरी लूकानें त्यांची ममता कौतुकानें नमूद केली आहे, आणि पौलानें स्वतः काटक्या गोळा करून त्याच विस्तवावर घातल्या. गगनबावड्याच्या पावसांत परक्याच्या चुलीपाशीं ज्यानें अंग शेकलें आहे, त्यास ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

दुसऱ्या एका बेटाची हकीकत आम्ही आज आपणांपुढें ठेवितों. करूळ घाटाच्या माथ्यावरून खालीं जें कोकण दिसतें, त्या बाजूचीं अनेक मराठी कुटुंबें एकोणिसाव्या शतकांत ऊंसाच्या मळ्यांवर मजुरीसाठीं मॉरिशसला गेलीं. करारबद्ध मजुरांची ही ने-आण १८३४ सालीं सुरू झाली. बिहारी, तमिळ, तेलुगू, मुसलमान असे सर्वच गेले. आफ्रिकेंतून गुलाम करून आणिलेल्यांचे वंशज तेथें होतेच, आणि चिनी व्यापारीही आले. आज त्या लहानशा देशांत तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, रमजान ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी व नाताळ ह्या सर्वांस सरकारी सुट्टी असते. दिवाळीस हिंदूंच्या घरची मिठाई ख्रिस्ती व मुसलमान शेजाऱ्यांकडे जाते. तींत रताळ्याच्या पारींत खोबरें भरून तळलेली करंजीही असते. लाव्हाल नांवाचे फ्रेंच पाद्री १८४१ सालीं तेथें जाऊन मुक्त झालेल्या गुलामांत राबले आणि १८६४ सालीं वारले. दर सप्टेंबरांत त्यांच्या कबरीपाशीं सर्व धर्मांचे लोक जमतात. आम्ही प्रोटेस्टंट कबरींची यात्रा करीत नाहीं हें खरें. पण ज्यानें गुलामाला माणूस म्हटलें त्यास लोक विसरत नाहींत, एवढें तरी आपण त्यांपासून घ्यावें.

तथापि तें बेट म्हणजे स्वर्ग नव्हे. १९६८ च्या जानेवारींत, स्वातंत्र्यास दोन महिने उरले असतां, पोर्ट लुईमध्यें क्रिओल व मुसलमान ह्यांच्यांत दंगे होऊन माणसें मेलीं. १९९९ सालीं पुन्हां दंगे झाले. सुट्ट्यांची यादी लांब झाल्यानें मनें आपोआप जवळ येत नाहींत. आपल्या गगनगडावरही मठ आणि गैबी पीर एकाच डोंगरावर आहेत. पण डोंगर एक असला म्हणून चुली एक होत नाहींत.

आतां आपल्या मंडळ्यांत वारंवार विचारिला जाणारा प्रश्न घेऊं. शेजारीण सणाचें ताट घेऊन आली, तर तें घ्यावें कीं परत करावें? करिंथकरांस लिहितांना पौलानें ह्याचा निवाडा केलाच आहे. पुढें ठेविलेलें अन्न चौकशी न करितां खावें. मात्र तें मूर्तीस वाहिलेलें आहे असें कोणी सांगितलें, तर सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकासाठीं खाऊं नये. दाराशीं उभ्या असलेल्या बाईची उलटतपासणी घ्या, असें शास्त्रांत कोठेंच नाहीं. फराळाचें ताट आनंदानें घ्यावें. नैवेद्य म्हणून दिलें असेल, तर गोड शब्दांनीं आपली अडचण सांगावी, तिला घरांत बसवावें, चहा द्यावा. आणि आपल्या आजीच्या काळापासूनची रीत आहे कीं, ताट रिकामें परत जात नाहीं.

ह्याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. आपल्या हातचें न घेणारीं घरें अजून गांवोगांवीं आहेत. तेथें ताट पाठवावें काय? आमच्या मतें पाठवावें. पौल त्या बेटावर बेड्यांतला कैदी म्हणून उतरला होता. तरी बेटाच्या मुख्याचा बाप तापानें पडला असतां त्यानें आंत जाऊन प्रार्थना केली व त्याच्यावर हात ठेविले. आपणांस कोण काय समजतो, हा हिशेब त्यानें उंबऱ्यावर मांडिला नाहीं. ताट परत आलें तर दुःख होईल, आणि तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. ज्यांच्या आईबापांनीं पाणवठ्यावर तेंच सोसलें त्यांस तर अधिकच होईल.

तरी येत्या नाताळांत करंज्यांचें पीठ भिजवितांना भगिनींनीं चार मुठी अधिक भिजवावें, आणि पहिलें ताट त्या घरीं न्यावें, जेथून आजवर एकही ताट आलेलें नाहीं. बंधूंनींही बरोबर जावें. हें काम केवळ स्त्रियांवर टाकूं नये.