कापसाचा भाव कुणाच्या जिवावर?

दूरच्या लढाईमुळे आपल्या मालाला भाव आला, तर ते पैसे घेणं पाप आहे का? आमच्या वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईत भाव कडाडले. नागपूरपर्यंत रेल्वे यायला १८६७ उजाडलं, त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या कापसाची वाट बरीचशी बैलगाडीचीच होती. पेरणीला सावकाराचे पैसे घेतलेल्या शेतकऱ्याचा माल आधीच अडकलेला. चढलेला भाव वरच्या वर गेला.

मुंबईत त्याच पैशाचे इमले उठले. बँक ऑफ बॉम्बेनं शेअरच्या तारणावर भरमसाट कर्जं वाटली. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला, भाव कोसळला आणि १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली.

म्हणजे युद्धाचा भाव वाईट आणि शांततेचा चांगला? मला तसं वाटत नाही. १८६१ च्या आधीचा स्वस्त कापूस गुलाम वेचत होते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची स्पर्धा बिनपगारी माणसांशी होती. भाव हा एपीआयसारखा असतो: आकडा हातात येतो, आत काय चाललंय ते दिसत नाही.

म्हणून दोष ठरवताना मी दोनच गोष्टी विचारतो. आतलं कुणाला दिसत होतं? आणि तोटा दुसऱ्यावर ढकलणं कुणाच्या हातात होतं? १८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लांजर पेढीनं दक्षिणेसाठी कापसाच्या भरवशावर ३० लाख पौंडांचं कर्ज उभारलं. हा कापूस कोण वेचतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याउलट मँचेस्टरच्या कामगारांनी, गिरण्या बंद असताना, ३१ डिसेंबर १८६२ ला सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. चूल त्यांचीच विझली होती, तरीही.

आजही आमच्याकडे म्हणतात, ‘टेक्सासात दुष्काळ पडला तर आपल्याला भाव येईल.’ कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाच्या या आशेला मी पाप म्हणणार नाही. पण तिकडचा शेतकरी हिशेबातच धरायचा नाही, ही रीत सावकाराची. तिच्यापायी आपण पिढ्यान्‌पिढ्या भरडलो गेलो. निदान ती तरी उचलू नये.